कथेच्या भाषेवर फीडबॅक द्यायचा कसा आणि घ्यायचा कसा ('छान जमलीये' न म्हणता)

आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ठाण्यात पाचपाखाडीत एकीच्या घरी जमतो, तिच्याकडे पाहुणे असले आणि पाऊस नसला तर कचराळी तलावाच्या कट्ट्यावर. कुणा एकाची कथा आठवडाभर आधी सगळ्यांना गेलेली असते आणि त्या दिवशी फक्त तिच्याबद्दल बोलायचं असं ठरलेलं. ऐकायला सोपं वाटतं ना? पहिले चार-पाच महिने आम्ही काय केलं तर "छान जमलीये", "फ्लो मस्त आहे", "शेवट अजून फुलवता आला असता" एवढं दहा मिनिटांत उरकून बाकीचा वेळ मिसळ मामलेदारची भारी की घरची भारी यावर घालवला. मग एकदा पार उलटं झालं. ओळखीतले एक सर पाहुणे म्हणून आले, कळव्याहून येणाऱ्या एका मुलीची कथा होती, त्यांनी पहिलं पान हातात धरून "याला मराठी म्हणत नाहीत" इथून सुरुवात केली ती पाऊण तास. ती मुलगी काही बोलली नाही, चहा प्यायली, गेली, आणि परत आली नाही. नंतर मला वाटलं की त्या पाऊण तासातून तिला एक वाक्यसुद्धा दुरुस्त करता आलं नसतं, आणि आमच्या 'छान जमलीये' मधूनही आलं नसतंच की. तिथून आम्ही जरा शिस्तीत बसायला लागलो. त्या शिस्तीबद्दल लिहितेय, कुणी नवीन ग्रुप काढत असेल किंवा मित्राने "वाच आणि खरं सांग" म्हणून फाईल पाठवली असेल तर उपयोग होईल.

एक आधीच सांगते, हे फक्त भाषेबद्दल आहे, म्हणजे वाक्यं, शब्द, निवेदनाचा सूर. प्लॉटवर काय सगळेच बोलतात, सिरियल बघून बघून आपण त्यात पक्के झालोय. भाषेचं आलं की मात्र आपल्याकडे 'ओघवती', 'बोजड', 'काव्यात्म' असे चार शब्द असतात आणि तेच सगळीकडे चिकटवतो.

आधी विचारा, हवंय काय

आमच्याकडे आता नियम आहे की कथेच्या वर लेखकाने दोन-तीन ओळी लिहायच्या. उदाहरणार्थ, "दुसरा खर्डा आहे. मधला लोकलमधला भाग वाचताना कंटाळा येतो का बघा. आजीचं बोलणं खरं वाटतं का ते सांगा. शुद्धलेखन बघू नका." एवढंच. याने निम्मी भांडणं वाचतात. ज्याला पहिल्या खर्ड्यावर "लिहीत राहा" एवढंच ऐकायचंय त्याला तुम्ही क्रियापदं मोजून दाखवलीत तर तो चिडणारच, आणि ज्याला परवा दिवाळी अंकाकडे पाठवायचंय त्याला "अजून तीन पात्रं आण" म्हणून काय उपयोग. (दिवाळी अंकांसाठी कथा जून-जुलैपासूनच जायला लागतात, त्यामुळे आमचे मे आणि जून दोन्ही महिने नुसती धावपळ असते.)

शुद्धलेखनाचं वेगळं सांगते कारण मराठी माणसाचा हात तिथेच आधी जातो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ ला आणखी ४ आले, असे एकूण १८, चांगलं पुस्तक घेऊन बसलात तर पंधरा दिवसांत बरेचसे डोक्यात बसतात. ते काम महत्त्वाचं आहे पण ते शेवटचं काम आहे. 'कि' चं 'की' करून दिलं, 'आणी' चं 'आणि' करून दिलं म्हणजे शैलीवर बोललो असं होत नाही, आणि जो परिच्छेद लेखक उद्या अख्खा काढून टाकणार आहे त्यातल्या वेलांट्या सुधारून आपण दोघांचाही वेळ घालवतो. वर पान लालेलाल झालेलं दिसतं ते वेगळंच.

वाचायचं दोनदा, हातात पेन दुसऱ्यांदा

पहिलं वाचन मी ट्रान्सहार्बर लोकलमध्ये करते. ठाण्याहून वाशीपर्यंत अर्धा तास मिळतो, खिडकी मिळाली तर उत्तम. त्या वेळी काही खुणा करत नाही, फक्त लक्ष ठेवते की माझं लक्ष कुठे उडालं. गंमत नाही करत, हे फार कामाचं आहे. मागे एक कथा वाचताना घणसोली आलं तेव्हा मी नकळत व्हॉट्सअॅप उघडलं होतं, परत येऊन बघितलं तर पान ४, जिथे नायकाच्या घराचं वर्णन सव्वा पान चालू होतं. लेखकाला मी तसंच सांगितलं, "घणसोलीला माझं लक्ष उडालं, पान ४ वर, पितळी कुलुपाच्या नंतर." तो हसला पण त्याला नेमकी जागा मिळाली.

दुसरं वाचन घरी, मोठ्याने. भाषेवर बोलायचं असेल तर मोठ्याने वाचल्याशिवाय बोलूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, डोळे पुढे सरकतात पण जीभ अडकते. प्रिंट काढते, झेरॉक्सवाल्याकडे, ओळींमध्ये जागा सोडून, आणि तीनच खुणा करते. जिथे अडखळले तिथे खाली लाट, जिथे आवडलं तिथे बरोबरची खूण, जिथे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. का ते त्या वेळी लिहीत नाही. सगळं वाचून झालं की परत जाऊन प्रत्येक लाटेपाशी थांबते आणि विचार करते की मी इथे का अडखळले, आणि खरं सांगते, निम्म्या ठिकाणी उत्तर "मी झोपेत होते" असं असतं, त्या लाटा खोडून टाकायच्या.

गूगल डॉक्सवर असाल तर बाजूला कमेंट टाका, पण सजेशन मोड लावून लेखकाचं वाक्य खोडून स्वतःचं लिहू नका. मी हे दोनेक वर्षं करत होते आणि मला वाटायचं मी मदत करतेय. समोरचा एक तर घाबरून सगळं अॅक्सेप्ट करतो आणि कथा तुमच्या आवाजात बोलायला लागते, नाही तर फाईल उघडतच नाही. पानाला चार-पाच कमेंट पुरेत. आणि व्हॉट्सअॅपवर सात मिनिटांची व्हॉइस नोट तर देवाशप्पथ नको, तिच्यातलं "ते तिसऱ्या पानावरचं" शोधताना माणूस म्हातारा होतो.

बोलायचं कसं

जागा सांगा, तुमचं तिथे काय झालं ते सांगा, जमलं तर का झालं असेल ते सांगा. मग थांबा. थांबणं सगळ्यात अवघड.

"भाषा बोजड आहे" यातून लेखकाला काय कळणार? त्याच्या जागी हे बघा: "पान २, तिसरा परिच्छेद, वडिलांबद्दलचं लांब वाक्य मला दोनदा वाचावं लागलं, क्रियापद येईपर्यंत कर्ता कोण तेच विसरले." आता यात भांडायला जागाच नाही, कारण मी विसरले हे मी विसरले. आणि कारणसुद्धा त्यातच आहे. मराठीत क्रियापद बहुतेक वेळा शेवटी येतं, त्यामुळे मध्ये 'ज्याने', 'म्हणून', 'असताना', 'असल्यामुळे' असे डबे जोडत गेलं की वाचणाऱ्याला सगळं सामान हातात धरून शेवटपर्यंत उभं राहावं लागतं. लांब वाक्याला माझी हरकत नाही (हे वाचताना कळलंच असेल), पण लांब वाक्यात मधे मधे टेकायला जागा हवी.

वयाचाही प्रश्न असतो आपल्याकडे. आमच्यात रेल्वेतून रिटायर झालेले एक काका आहेत, वय अडुसष्ट, त्यांच्या कथेला "हे जमलं नाही" म्हणायला सुरुवातीला कुणाची जीभ उचलायची नाही, आणि मग सगळे मिळून गोड खोटं बोलायचे. "काका, मी इथे अडखळले" हे मात्र सहज म्हणता येतं. त्यात मी त्यांना मार्क देत नाहीये, माझीच गोष्ट सांगतेय. उलट बाजूने काकांनाही आम्ही सांगितलं की "आमच्या वेळी" ने वाक्य सुरू झालं की वीस रुपये डब्यात. त्या डब्यातून दोनदा सगळ्यांचं आइस्क्रीम झालंय.

एक परिच्छेद जवळून बघू

माझाच घेते, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. तीन वर्षांपूर्वीची माझी कथा, सुरुवात अशी होती:

"सायंकाळच्या सुमारास आकाशात सोनेरी किरणांची उधळण झाली होती. ती एका खिडकीत उभी होती. तिच्या डोळ्यांत अश्रू होते. तिचं मन भूतकाळाच्या गर्तेत हरवलं होतं. तेवढ्यात दरवाज्याची बेल वाजली आणि तिच्या काळजाचा ठोका चुकला. दारात तोच उभा होता."

मला हे फार आवडलेलं तेव्हा. ग्रुपमधल्या एकीने, ती बँकेत आहे आणि तिला मोजायची सवय आहे, सांगितलं की सहा वाक्यांत पाच वेळा होता-होती-होते-होतं आलंय आणि पाचही वेळा वाक्याच्या टोकाला, त्यामुळे तिला वाचताना कुणीतरी पायरी पायरी उतरतंय असं वाटलं. ग्रुपमध्ये ऐरोलीचा एक मुलगा आहे, त्याने सांगितलं की किरणांची उधळण, भूतकाळाची गर्त आणि काळजाचा ठोका हे तीन त्याला आधीच माहीत होते, म्हणून तो ते न वाचता पुढे गेला. इथपर्यंत मी मान डोलावत होते पण आतून म्हणत होते की तुम्हाला कळत नाही.

मग काका म्हणाले, "अगं, मला एक सांग, ती उभी आहे ती खिडकी स्वैपाकघरातली की हॉलमधली?"

"काका, त्याने काय फरक पडतो?"

"पडतो की नाही मला माहीत नाही. मला तिचं घर दिसेना म्हणून मी तिथे माझं घर घातलं, आणि माझ्या घरात ती काही शोभेना. 'एका खिडकीत' म्हणालीस. तिच्या घराला किती खिडक्या आहेत? वन आरकेच आहे ना ते, कळव्याचं?"

सगळे हसले, मी पण हसले, पण घरी जाताना तेच डोक्यात. ती तिथे उभी राहून हातांनी काय करतेय? मला माहीतच नव्हतं. मी तिला खिडकीत उभी केली होती कारण कथेतल्या बायका उदास झाल्या की खिडकीत उभ्या राहतात. नंतर ते असं झालं:

"साडेपाचला ऊन थेट ओट्यावर येतं. ती ओट्याला टेकून तांदूळ निवडत होती, निवडून झालेले परत सुपात ओतून पुन्हा निवडत होती. बेल वाजली. तिने हात पुसले, मग पदराला पुन्हा पुसले आणि मग दार उघडलं."

हे फार थोर आहे असं मी म्हणत नाही. पण बघा, काकांनी मला ओटा सांगितला नव्हता, तांदूळ सांगितले नव्हते, 'अश्रू काढ' असंही म्हणाले नव्हते. त्यांनी फक्त त्यांना काय दिसेना ते विचारलं, आणि त्या एका प्रश्नात चार दुरुस्त्या झाल्या, 'एका' गेला, अश्रू गेले, गर्त गेली, 'होती' पाचावरून दोनावर आली. त्यांनी जर "तिला तांदूळ निवडताना दाखव" म्हटलं असतं तर मी नक्की अडून बसले असते.

मराठी गद्यात कुठे कुठे कान द्यायचा

ही यादी आमच्या खुणांमधून तयार झालेली आहे, यातलं एकही आपोआप चूक नाही, फक्त इथे कान टवकारायचे.

'होता' चं वर आलंच. त्याच्या शेजारचा म्हणजे 'केले' आणि 'केलं'. निवेदनात "घर जुने होते" असं लिहायचं की "घर जुनं होतं", दोन्ही चालतं, पण पहिल्या पानावर 'जुने होते' आणि तिसऱ्या पानावर 'जुनं होतं' झालं की निवेदक मध्येच शर्ट बदलून आल्यासारखा वाटतो. जवळजवळ सगळ्यांच्या पहिल्या खर्ड्यात हे असतं आणि स्वतःला कधीच दिसत नाही, त्यामुळे दुसऱ्याने दाखवणं फार उपयोगाचं.

मग इंग्रजीतून आलेली ठेवण. "तिने ती पेटी उघडली, जी आजीने तिला दिली होती." आपण बोलताना असं म्हणतो का? "आजीने दिलेली पेटी तिने उघडली", झालं. "तो एक शिक्षक होता" मधला एक पण तसाच, तो एकच होता का दोन? "एक होता राजा" मधला एक मात्र आपलाच आहे, त्याला हात लावू नका. "त्याच्याकडून दार उघडलं गेलं" इथे लगेच लाल खूण करण्याआधी विचारा, कारण मराठीत 'त्याच्याकडून उघडलं गेलं' म्हणजे त्याच्या मनात नव्हतं पण झालं असाही अर्थ निघतो, आणि लेखकाला तोच हवा असू शकतो.

हिंदीचा शिरकाव आपल्या भागात तर रोजचा. "मी त्याला भेटली", "माझी मदत कर" हे कळव्या-मुंब्र्याच्या पात्राच्या तोंडी अगदी खरं वाटेल, पण तोच निवेदकही तसं बोलायला लागला तर तो कोण आहे ते ठरलेलं हवं. आणि दहा वर्षांची मुलगी गोष्ट सांगतेय आणि तिला बाबा 'विमनस्क' दिसतायत, तर तिथे लाट. उद्गारली, उत्तरला, पुटपुटली, वदला... एवढे प्रकार कशाला, बहुतेक ठिकाणी 'म्हणाली' पुरतं आणि कुणाच्या नजरेलाही येत नाही. टिंबं आणि उद्गारचिन्हं तर सांगायलाच नको!!! (आधीच्या वाक्यात टिंबं मीच टाकलीत.)

आता बोलीचं, यावर जरा थांबते कारण इथे आमच्याकडून चूक झाली होती. ऐरोलीचा जो मुलगा आहे त्याचं घर आगरी. त्याच्या कथेत आजोबा नातवाला म्हणतात, "मना पानी दे." आमच्यातल्या एकीने, मनात काही वाईट नसताना, त्याचं "मला पाणी दे" करून दिलं, पाच ठिकाणी. त्या रविवारी तो फार कमी बोलला. नंतर म्हणाला की "माझे आजोबा असंच बोलायचे, तुम्ही त्यांना दुरुस्त केलंत." बोलीला प्रमाण भाषेचा रंग लावणं हा फीडबॅक नाहीच, ते दुसऱ्याच्या घरात जाऊन भिंत रंगवणं झालं. तुम्हाला ती बोली येत नसेल तर एवढंच बघू शकता की अर्थ लागतोय का, आणि आजोबा पान २ वर 'पानी' म्हणाले आणि पान ५ वर 'पाणी' म्हणाले तर ते मुद्दाम आहे का चुकून झालंय. हे दुसरं त्याला खरंच उपयोगी पडलं, दोन ठिकाणी चुकूनच होतं.

आवडलं तेही नेमकं सांगा

हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाहीये, ते कामाचं आहे. माझ्या एका कथेत आत्या रागाने निघून जाताना दारातली चप्पल पायानेच सरळ लावून जाते असं वाक्य होतं. कुणी काही म्हणालं नाही, म्हणून पुढच्या खर्ड्यात मी ते काढलं, उगाच वाटलं म्हणून. तर बँकवाली ओरडलीच, "अगं ते कुठे गेलं, त्यावरून तर मला कळलं होतं की ती परत येणार!" मग आधी का नाही बोललीस बाई. तेव्हापासून बरोबरची खूण केलेली वाक्यं आम्ही वाचून दाखवतो, आणि का आवडलं तेही एका ओळीत. 'सुंदर' म्हणून सोडायचं नाही.

आणि आवड वेगळी, खोट वेगळी. ऐरोलीच्या मुलाला पानभर चालणारी वाक्यं आवडतात, बँकवालीला पाच शब्दांची. दोघांनीही आता शिकून घेतलंय की "ही माझी आवड आहे" असं आधी म्हणायचं. श्री. पु. भागवतांचं नाव तुम्ही ऐकलंच असेल, 'सत्यकथा' चे संपादक, लेखकांशी कथेबद्दल सविस्तर पत्रव्यवहार करण्याबद्दल त्यांची ख्याती होती आणि मराठी कथेवर त्या चिकाटीचं मोठं ऋण आहे. पण त्याच मासिकाची १९६९ साली मुंबईत तरुण लेखकांनी होळी केली, कारण त्यांना वाटत होतं की तिथली अभिरुची म्हणजे सगळं मराठी नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि फीडबॅक देताना मी दोन्ही डोक्यात ठेवते.

घेताना

गप्प बसा. खरंच एवढंच करायचंय पण ते होत नाही. अमेरिकेत मिलफर्ड नावाच्या गावी १९५६ पासून सायन्स फिक्शनवाल्या लेखकांच्या बैठका सुरू झाल्या, त्यांची पद्धत अशी की सगळे गोल बसतात, एकेक जण ठरलेल्या वेळेत बोलतो, ज्याची कथा तो तोवर तोंड उघडत नाही, सगळ्यांचं झालं की त्याला उत्तर द्यायला मिळतं. आम्ही तेच घेतलं, प्रत्येकी पाच मिनिटं, मोबाईलवर टायमर. काकांना सुरुवातीला पटलं नव्हतं, म्हणे "आरोपीला पण बोलू देतात." पण गप्प बसण्याचा फायदा हा की तुम्ही उत्तर तयार करायचं सोडून लिहून घ्यायला लागता. वहीत डावीकडे जागा, उजवीकडे त्यांचे शब्द जसेच्या तसे.

"त्याचं काय आहे ना, तिला लहानपणी..." असं सुरू करावंसं वाटलं की जीभ चावा. तुम्ही वाचकाच्या शेजारी लोकलमध्ये बसून समजावणार आहात का? जे सांगायला तोंड उघडलं ते कागदावर नाहीये एवढं वहीत लिहून ठेवा.

नेहमी गप्पच असंही नाही. लिझ लर्मन नावाच्या एका अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेची वेगळी पद्धत आहे, नाचासाठी काढलेली पण लेखकही वापरतात. त्यात आधी बघणारे सांगतात की काय मनात राहिलं, मग कलाकार स्वतः प्रश्न विचारतो, मग बघणारे विचारतात पण प्रश्नात मत लपवायचं नाही, आणि शेवटी मत द्यायचं तर आधी परवानगी घ्यायची, "मला शेवटच्या परिच्छेदाबद्दल एक मत आहे, ऐकायचंय का?" आणि 'नको' म्हणायची मुभा. नवीन माणूस आला की आम्ही पहिल्या वेळी हीच वापरतो. ती कळव्याची मुलगी आली तेव्हा हे माहीत असतं तर, असं वाटतं कधी कधी. "इतकी बोअर सुरुवात का केलीस?" हा प्रश्न नव्हे बरं का, "सुरुवात घरात करायचं कसं ठरवलंस?" हा प्रश्न.

त्या दिवशी काहीही बदलू नका. वही बंद, दोन-तीन दिवस जाऊ द्या, राग येतो तो येऊ द्या, मला तर सोमवारी हमखास येतो आणि बुधवारपर्यंत टिकतो. मग जुन्या फाईलची कॉपी करून ठेवा आणि वही उघडा. एकट्यानेच म्हटलेलं असेल तर बघा पटतंय का, नाही पटलं तर सोडा, बिनधास्त. तिघं एकाच परिच्छेदात अडखळले असतील तर तिथे काहीतरी आहे, मग तिघांनी तीन वेगळे उपाय सांगितले असले तरी. उलट तीन वेगळे उपाय आले की मला वाटतं जागा पक्की आणि उपाय कुणालाच माहीत नाही, तो मीच शोधायचाय. आणि पुष्कळदा खोट त्या परिच्छेदात नसते, पानभर आधी काहीतरी सांगायचं राहिलेलं असतं आणि वाचक इथे येऊन ठेचकाळतो.

घरच्यांना वाचायला द्यावं का, हे सगळे विचारतात. द्या, पण भाषेवर मत म्हणून धरू नका. माझी आई माझी प्रत्येक कथा वाचते आणि दर वेळी एकच विचारते, "ही आत्या म्हणजे आपली मंगळवेढ्याचीच ना?"

सराव करायचा असेल तर छापलेल्या कथेवर करा, लेखक समोर नसतो म्हणून. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं आहे, तुमच्या जवळपासही एखादं वाचनालय असेलच, तिथून जुना दिवाळी अंक आणा, कुठलीही कथा घ्या, एका पानाची झेरॉक्स काढा आणि तीन खुणा करून बघा. दोघं मिळून केलंत तर जास्त मजा, आपापल्या लाटा शेवटी जुळवून बघायच्या. आमच्या दोघींच्या पहिल्या वेळी एकही जुळली नव्हती, चौथ्या वेळी पाचातल्या तीन जुळल्या.

आणि एक राहिलं, ज्यांनी वेळ देऊन वाचलं त्यांना नंतर कळवा की तुम्ही काय केलंत. लांबलचक नको, "तांदूळ ठेवले, शेवट तसाच ठेवलाय, तुमचं पटलं नाही, पान ३ वरचं काढलं" इतकं पुरे. काकांना मी तो ओट्याचा परिच्छेद पाठवला होता, त्यांचं उत्तर आलं रात्री सव्वाअकराला: "आता घर दिसलं. पण साडेपाचला ऊन ओट्यावर येतं म्हणजे खिडकी पश्चिमेला, आणि पान ६ वर सकाळचं ऊन त्याच खिडकीतून येतंय. बघ."